सोलापुरातून रात्री लांबची एएम स्टेशनं कशी पकडायची: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

रात्री रेडिओच्या एएमवर लांबचं काही लागतच नाही म्हणून जे विचारतात त्यांनी नेमकं काय केलं ते ऐकलं की जवळपास सगळ्यांचं सारखंच असतं. संध्याकाळी हॉलमध्ये बसायचं, टीव्ही चालू, रेडिओचा सेट अॅडॅप्टरवर, एरियल पूर्ण ओढून काढलेलं, मग पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत भराभर फिरवायची, पाच मिनिटं खरखर ऐकायची आणि एएम आता संपलं म्हणून सेट ठेवून द्यायचा. त्याच्यानंतरचा प्रश्न ठरलेला, कुठला भारी सेट घेऊ?

सेट सगळ्यात शेवटी बदलायचा. त्याआधी वेळ बदला, मग जागा, मग सेटचा कोन. हे तीन केलं तर साध्या दोन बँडच्या रेडिओवरही सोलापुरातून लखनौ, कोलकाता, श्रीलंका ऐकू येऊ शकते, आणि हे नाही केलं तर वीस हजारांचा सेटसुद्धा खरखरच ऐकवणार. खालचे टप्पे दिलेत त्याच क्रमाने करा, मधला एखादा गाळून पुढे जाऊ नका, कारण पुढचा प्रत्येक टप्पा मागच्यावर उभा आहे.

## टप्पा १: महिना आणि वेळ ठरवा

दिवसा लांबचं का येत नाही ते एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं. जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटरवर आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, जो सगळ्यात खालचा थर आहे, डी थर, तो उन्हात तयार होतो आणि मीडियम वेव्ह, म्हणजे सेटवरच्या एएम पट्टीच्या लहरी, शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, लहरी वरच्या थरांपर्यंत पोचतात आणि तिथून वाकून शेकडो किलोमीटर लांब परत जमिनीवर येतात. म्हणजे आपल्याला अंधार हवा, आणि नुसता आपल्याकडे नाही, स्टेशन आणि आपण यांच्या मधल्या पट्ट्यातही.

सोलापुरात डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जूनमध्ये सातच्या. पण अंधारापेक्षा मोठा फरक विजेच्या कडकडाटाचा पडतो. एप्रिल-मे मधे वळवाचे ढग दोनशे-तीनशे किलोमीटर लांब असले तरी त्यांची प्रत्येक वीज तुमच्या सेटमध्ये टर्रकन वाजते आणि कमजोर स्टेशन त्यात पार बुडून जातं. पावसाळाभर हेच, परतीचा पाऊस गेला की पट्टी साफ व्हायला लागते. नवीन माणसाने सुरुवात नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावी. मे महिन्यात सुरू करून महिन्याभरात कंटाळणारे लई बघितलेत.

एक स्थानिक गोष्ट, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास राहत असाल तर लायटिंग आणि जनरेटरमुळे पट्टी ऐकण्याजोगी राहत नाही, तेवढे दिवस दुसऱ्या कुणाच्या गच्चीवर जा.

## टप्पा २: हातातला सेट तपासा

नवीन काही घ्यायच्या आधी घरात आहे त्याच सेटवर या गोष्टी बघून घ्या.

पहिली गोष्ट एरियलची. बाहेर ओढायची ती स्टीलची दांडी बहुतेक सेटमध्ये फक्त एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते. मीडियम वेव्हसाठी सेटच्या आत फेराइटचा काळा दांडा असतो, त्याच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. म्हणून दांडी कितीही ओढा, वाकवा, खिडकीला टेकवा, एएमवर काही फरक पडत नाही. फरक पडतो तो अख्खा सेट फिरवल्याने. दांडा साधारणपणे सेटच्या लांब बाजूला समांतर, वरच्या कडेला असतो.

दुसरी गोष्ट, डिजिटल सेट असेल तर स्टेप, म्हणजे एका दाबात आकडा कितीने पुढे सरकतो ते. आपल्याकडे मीडियम वेव्हवर स्टेशनं ९-९ किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, ५३१ पासून १६०२ पर्यंत. अमेरिकेत हेच अंतर १० चं आहे. बाहेरून मागवलेले किंवा रीसेट झालेले सेट बऱ्याचदा १० वर असतात आणि मग ७३० वरून एकदम ७४० वर उडी, मधलं ७३८ चं हैदराबाद नीट लागतच नाही. माणूस समजतो सेट खराब. मॅन्युअलमध्ये बघून स्टेप ९ करा.

तपासा: आपल्याकडची सगळी मीडियम वेव्ह फ्रिक्वेन्सी ९ ने भाग जाणारी असते, म्हणजे आकड्यांची बेरीज ९ च्या पाढ्यात यायला पाहिजे. ७३८ ची बेरीज १८, ७९२ ची १८, १०४४ ची ९. तुम्ही लिहून ठेवलेला आकडा या हिशोबात बसत नसेल तर ट्यूनिंग सरकलंय किंवा ते खरं स्टेशन नाही, तो सेटने दाखवलेला भास आहे. काट्याच्या जुन्या सेटवर असे भास जास्त होतात, जवळचं जोरदार स्टेशन त्याच्या मूळ जागेपासून साधारण ९१० किलोहर्ट्झ खाली परत वाजतं.

तिसरं, डीएक्स (लांबचं) आणि लोकल (जवळचं) असा खटका असेल तर तो डीएक्सवर. चौथं, बँडविड्थ, म्हणजे सेट एका वेळी पट्टीचा किती रुंद तुकडा ऐकतो ते, बदलता येत असेल तर शोधताना मधली ठेवा आणि शेजारचं स्टेशन आत घुसायला लागलं की अरुंद करा. आवाज बसल्यासारखा होईल पण शब्द कळतील, आणि आपल्याला शब्दच हवेत.

आणि सेल. सेट सेलवरच चालवायचा. अॅडॅप्टरवर कधीही नाही, अॅडॅप्टर स्वतःच गुर्रर्र करतो आणि घरभराच्या वायरिंगमधला कचराही सेटमध्ये आणतो. फोन आणि पॉवर बँकही सेटपासून हातभर तरी लांब.

## टप्पा ३: घरातला इलेक्ट्रिकचा आवाज शोधून काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हा टप्पा लोक करतच नाहीत, आणि खरं यश यातच आहे.

हे काम दुपारी करायचं. रात्री प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर काही ना काही वाजत असतं त्यामुळे खरखर घरातली की वरून येणारी ते कळत नाही. दुपारी पट्टी रिकामी असते, तेव्हा जी खरखर येते ती जवळपास सगळी तुमची किंवा शेजाऱ्यांची.

१. सेट सेलवर लावा, पट्टीवर एक रिकामी जागा खालच्या बाजूला आणि एक वरच्या बाजूला निवडा, आवाज नेहमीएवढा ठेवा आणि तो पुढे बदलू नका.

२. घराचा मेन स्विच बंद करा. आता कान लावा. खरखर एकदम पडली तर दोष तुमच्या घरात. तशीच राहिली तर बाहेरून येतेय.

३. बाहेरची आहे असं ठरवायच्या आधी इन्व्हर्टरही बंद करून घ्या, मेन बंद केल्यावर इन्व्हर्टर आपोआप चालू होतो आणि तो स्वतःच मोठा गुन्हेगार असतो, हे विसरून बरेच जण बाहेरच्या लाईनला दोष देत बसतात.

४. मग एकेक एमसीबी चालू करत जा. ज्या एमसीबीला खरखर वाढली त्या खोलीत जाऊन एकेक वस्तू काढा.

नेहमी सापडणारे: स्वस्तातले एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर (फोन लावलेला नसला तरी), वायफायच्या डब्याचा अॅडॅप्टर, सेट टॉप बॉक्स, पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, बीएलडीसी पंखे, छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर. रेग्युलेटरची एक खूण लक्षात ठेवा. पंखा एक किंवा दोनवर असताना सेटमध्ये जाड गुणगुण येते आणि पंखा पूर्ण वेगात केला की ती जवळजवळ जाते. विजापूर रोडच्या एका मित्राच्या फ्लॅटमध्ये पट्टीच्या अर्ध्या भागावर काहीच लागत नव्हतं, सेट हातात धरून भिंतीच्या कडेकडेने फिरलो तर देवघरापाशी आवाज कानठळ्या बसतील इतका वाढला. देवासमोरची छोटी एलईडी समई, तिचा बोटाएवढा अॅडॅप्टर. तो प्लगमधून काढला आणि त्याच सेटवर, त्याच खोलीत धारवाड स्वच्छ लागलं.

सेट हातात धरून फिरणं हीच पद्धत. सेट वळवत वळवत जायचं, आवाज जिथे वाढतो तिकडे.

दोष बाहेरचा असेल तर वस्तू बंद करता येत नाही पण जागा बदलता येते. खालच्या मजल्यावरून गच्चीवर गेलात तरी मोठा फरक पडतो, आरसीसीच्या स्लॅबमधल्या सळ्या सिग्नल अडवतात तेही वाचतं. पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यांना लागून राहणाऱ्यांनी मागांना सुट्टी असते तो दिवस धरावा. आणि भागातली लाईट गेली की हातातलं काम टाकून सेट घेऊन गच्चीवर पळा, अख्खी गल्ली गप्प असताना मीडियम वेव्ह कशी ऐकू येते हे एकदा अनुभवलं की घरातल्या खरखरीशी तडजोड करावीशी वाटत नाही.

गावाबाहेर जाणार असाल तर जागा बघून ठेवा. तुळजापूर रोडला हिप्परग्याच्या बाजूला किंवा बार्शी रोडला मोकळं रान मिळतं. होटगी-फताटेवाडीच्या बाजूला एनटीपीसीच्या हाय टेन्शन लाईनी आहेत, त्यांच्या जवळ बसून उपयोग नाही, लाईन डोळ्याला दिसतेय तोवर पुढे चालत राहा.

सावधान: रानात एकटे जाऊ नका, ओळखीच्या माणसाच्या शेतात सांगून बसा, पायात बूट आणि हातात बॅटरी पाहिजेच. गच्चीला कठडा नसेल तर रात्री हेडफोन लावून फिरत फिरत ऐकू नका.

## टप्पा ४: दिशा आखून घ्या

गच्चीवर जिथे बसणार तिथे खडूने उत्तर-दक्षिण रेघ मारा, फोनमधल्या होकायंत्राने चालेल. मग या रेघेवर मोठी केंद्रं मांडा. ही यादी सोलापूर मध्यभागी धरून आहे, आकडे किलोहर्ट्झचे:

- पूर्वेला हैदराबाद ७३८, थोडं पुढे विजयवाडा ८३७
- आग्नेयेला चेन्नई ७२०
- दक्षिणेला बेंगळुरू ६१२, दक्षिण-नैऋत्येला धारवाड ७६५
- वायव्येकडे पुणे ७९२, मुंबई १०४४ आणि ५५८, त्याच अंगाला राजकोट ८१० आणि अहमदाबाद ८४६
- सरळ उत्तरेला इंदूर ६४८, त्याच्यापुढे किंचित पूर्वेकडे दिल्ली ८१९
- उत्तर-ईशान्येला लखनौ ७४७, ईशान्येला नागपूर ५८५, पूर्व-ईशान्येला कोलकाता ६५७

आकाशवाणीने गेल्या काही वर्षांत काही मीडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद केलेत, काही ठिकाणी वेळा कमी केल्यात, काही ठिकाणी दुरुस्ती चालू असते. त्यामुळे यादीतलं एखादं लागलं नाही म्हणून सेटवर संशय घेऊ नका आणि वीस वर्षांपूर्वीच्या यादीवर तर अजिबात विसंबू नका.

आता कोनाचा नियम. सेटची रुंद बाजू, म्हणजे समोरचा किंवा मागचा चेहरा, स्टेशनकडे असली की आवाज सगळ्यात जास्त. सेटची अरुंद कड, म्हणजे दांड्याचं टोक, स्टेशनकडे असलं की ते स्टेशन सगळ्यात कमी. त्यातही जास्तीचा भाग रुंद असतो, तीस अंश इकडेतिकडे झाले तरी कळत नाही, पण कमीचा भाग फार अरुंद असतो. म्हणून अनुभवी माणूस सेट हव्या त्या स्टेशनकडे वळवण्यापेक्षा नको त्या स्टेशनला टोक दाखवतो.

तपासा: दुपारी धारवाड किंवा हैदराबाद लावा, जे जोरात येईल ते. सेट टेबलावर ठेवून हळूहळू पूर्ण गोल फिरवा. गोलात दोन ठिकाणी आवाज एकदम पडला पाहिजे, एकमेकांच्या समोरासमोर. पडत नसेल तर जवळ लोखंड आहे, कपाट, पाण्याच्या टाकीचा स्टँड, गच्चीची ग्रिल, तिथून हला.

## टप्पा ५: भर दुपारची नोंद

दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान पट्टी एकदा शांतपणे ऐका आणि जे लागेल ते सगळं वहीत लिहा. हे जमिनीवरून येणारे सिग्नल, रोज सारखेच असतात. कलबुर्गी ११०७, धारवाड, हैदराबाद, पुणे, यातलं काय आणि किती जोरात येतं ते तुमच्या जागेवर अवलंबून.

हा कंटाळवाणा वाटणारा टप्पा ज्यांनी सोडला त्यांना रात्री नवीन काय आणि रोजचं काय हेच कळत नाही. दुपारच्या यादीत नसलेलं जे रात्री आलं ते आकाशातून आलं, एवढं सोपं.

इथेच एक गैरसमज काढून टाकतो. दुपारी पुणे किंवा हैदराबाद छान येतं आणि रात्री तेच स्टेशन मधेच फुगतं, मधेच आवाज घुसमटतो, गाणं वाकडं ऐकू येतं. लोक सेल बदलतात, सेट दुरुस्तीला नेतात. सेटचा काही संबंध नाही. दोन-तीनशे किलोमीटरच्या अंतरावर रात्री जमिनीवरून आलेला आणि आकाशातून आलेला असे दोन्ही सिग्नल एकदम पोचतात आणि एकमेकांत मिसळून बिघडतात. उलट हजार किलोमीटरवरचं स्टेशन अशा वेळी जास्त स्वच्छ वाटू शकतं कारण त्याचा एकच मार्ग असतो. बँडविड्थ अरुंद करून किंवा सेट थोडा वळवून बघा, बाकी वाट बघण्याशिवाय इलाज नाही.

## टप्पा ६: संध्याकाळपासून क्रमाने

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जागेवर बसा. पूर्वेकडे आधी अंधार पडतो त्यामुळे पूर्वेची स्टेशनं आधी जागी होतात. डिसेंबरात कोलकात्याला आपल्यापेक्षा साधारण तासभर आधी सूर्य मावळतो, म्हणून सोलापुरात अजून संधिप्रकाश असताना विजयवाडा, चेन्नई आणि मग कोलकाता वर यायला लागतात. ही वेळ सोन्याची, कारण पश्चिमेची पट्टी अजून झोपलेली असते, गर्दी नसते. सगळे साडेआठला जेवण करून बसतात आणि नेमका हाच तास गमावतात.

१. सूर्यास्ताच्या आसपास: पूर्व आणि आग्नेय. ८३७, ७२०, ६५७ आणि ढाक्याचं ६९३.

२. सात ते साडेआठ: उत्तर आणि दक्षिण. ६४८, ८१९, ७४७. दक्षिणेला श्रीलंकेतल्या पुट्टलमचं ८८२ याच सुमारास बघा, त्याच्यावर वेगवेगळ्या भारतीय भाषांमधले ख्रिस्ती धार्मिक कार्यक्रम असतात, त्यामुळे भाषा बदलत राहिली तरी गोंधळू नका.

३. साडेआठ ते अकरा: पट्टी खच्चून भरलेली. एकाच जागी दोन-तीन आवाज. या वेळेत नवीन शोधण्यापेक्षा पुढच्या टप्प्यातला कोनाचा सराव करा.

४. अकरानंतर: आकाशवाणीची बरीच केंद्रं अकराच्या थोडं पुढे बंद होतात. मोठा आवाज गेला की त्याच जागेवर खाली दबलेलं काहीतरी वर येतं, आखातातली अरबी-फारसी स्टेशनं बहुतेक याच वेळेला कळतात.

ऐकताना घाई करायची नाही. लांबचा सिग्नल लाटेसारखा येतो, दोन मिनिटं स्पष्ट, तीन मिनिटं गायब. एका फ्रिक्वेन्सीवर पाच ते दहा मिनिटं बसा, हेडफोन लावा. पूर्ण पट्टी एका रात्रीत संपवायची नाही, पाच-सहा फ्रिक्वेन्सी निवडा आणि त्याच पकडून बसा. ऑटो स्कॅन तर वापरूच नका, तो फक्त जोरदार स्टेशनवर थांबतो आणि आपल्याला हवी ती सगळी वगळतो.

एखाद्या जागी बोलणं-गाणं काहीच नाही, नुसताच एकसारखा भरीव फस्स आवाज थोड्या रुंद पट्ट्यात येत असेल आणि शेजारी आकाशवाणी असेल, तर ते डीआरएम म्हणजे डिजिटल प्रक्षेपण असण्याची शक्यता जास्त. त्याला घरातली खरखर समजून परत एमसीबी पाडत बसू नका. सेट गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेला तरी ते तसंच राहतं, घरातली खरखर मात्र चार पावलांत बदलते.

## टप्पा ७: जोरदार शेजारी दाबून मागचं स्टेशन काढा

उदाहरण घेऊन करा म्हणजे हाताला बसेल. हैदराबाद ७३८ वर आहे, लखनौ ७४७ वर. मधे फक्त ९ किलोहर्ट्झ, आणि हैदराबाद आपल्याला फारच जवळ, तर लखनौ हजार किलोमीटरच्या पुढे. ७४७ लावलं की हैदराबादचे स-श सारखे तीक्ष्ण आवाज आणि गाण्याचे तुकडे आत सांडतात.

१. सेट ७४७ वर लावा, बँडविड्थ अरुंद करा.

२. सेटचं टोक पूर्वेकडे करा, म्हणजे दांडा पूर्व-पश्चिम. हैदराबाद पडेल आणि सेटचा चेहरा आपोआप उत्तरेकडे होईल, लखनौ त्याच अंगाला.

३. आता अगदी थोडं थोडं, दोन-तीन अंशांनी वळवत राहा. पडण्याची जागा सापडली की थांबा. मग सेटची एक कड बोटभर उचलून बघा, आकाशातून येणारा सिग्नल तिरका असतो त्यामुळे आडवं फिरवून जे जमत नाही ते तिरकं करून कधी कधी जमतं.

४. काट्याचा सेट असेल तर काटा ७४७ च्या जरासा वर, हैदराबादपासून लांबच्या बाजूला सरकवा.

हीच युक्ती ८१९ च्या दिल्लीसाठी, तिथे त्रास ८१० च्या राजकोटचा. टोक वायव्येकडे.

रात्री हैदराबाद दुपारसारखं पूर्ण गप्प होत नाही, आकाशातला सिग्नल वेगवेगळ्या कोनातून येत असल्यामुळे कमीची जागा हलत राहते. दर थोड्या वेळाने परत जुळवावं लागतं. सेट एकदा ठेवून झोपून ऐकणाऱ्यांना हे जमणार नाही.

## टप्पा ८: ओळख पटल्याशिवाय नाव लिहू नका

सगळ्यात जास्त चुकीच्या नोंदी इथे होतात. हिंदी बातम्या ऐकू आल्या की दिल्ली, असं बरेच जण लिहून मोकळे होतात. रात्री पावणेनऊच्या हिंदी आणि नऊच्या इंग्रजी राष्ट्रीय बातम्या देशभरातली केंद्रं एकाच वेळी लावतात. सकाळी सात दहाच्या पुण्याच्या मराठी बातम्याही राज्यातली दुसरी केंद्रं घेतात. बातमीवरून केंद्र ठरत नाही. बातमी संपल्यावर जे स्थानिक बोलणं येतं त्याच्यावरून ठरतं, तेव्हा बातमी संपली की सेट बदलू नका, तिथेच थांबा.

तपासा: बातम्या चालू असताना यादीतल्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जाऊन बघा. तिथेही तेच शब्द, त्याच वेळी? मग ती राष्ट्रीय किंवा प्रादेशिक बातमी आहे, ओळखीसाठी निरुपयोगी.

तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या आधी-नंतर दोन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची, केंद्राचं नाव तेव्हाच सांगतात. त्या वेळी फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, फोन हातभर लांब ठेवूनही होतं.

भाषा ओळखायला बातम्यांचा शब्द पकडा. वार्तलु म्हटलं की तेलुगू, वार्तेगळु कन्नड, वार्तकळ मल्याळम, सेय्दिगळ तमिळ. सोलापूरकरांना याचा जो फायदा आहे तो पुण्या-मुंबईच्या माणसाला नाही, आपल्या एकेका गल्लीत तेलुगू आणि कन्नड घरात बोलतात. रेकॉर्डिंग शेजारच्या अक्कांना ऐकवा, गावाचं नाव कळलं का एवढंच विचारा, काय लागलंय असं आधी सांगू नका. आधी नाव सांगितलं की माणसाला तेच ऐकू येतं. आणि तेलुगू ऐकू आली म्हणून हैदराबाद लिहू नका, विजयवाडाही तेलुगूच.

## टप्पा ९: हे सगळं झाल्यावरच लूप

आधीचे टप्पे करून घर शांत झालं असेल तरच लूप, म्हणजे चौकटीवर वायर गुंडाळून केलेला जास्तीचा एरियल, बनवा. खरखर असलेल्या घरात लूप खरखरही वाढवतो.

लागणारं सामान: दोन लाकडी पट्ट्या फुलीसारख्या जोडून प्रत्येक बाजू साधारण ६० सेंटिमीटर म्हणजे दोन फुटांची चौकट, ३० मीटर प्लॅस्टिक आवरणाची साधी बारीक वायर, आणि जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर, म्हणजे स्टेशन लावायचा फिरत्या पात्यांचा कंडेन्सर, ५०० पिकोफॅरडच्या आसपासचा. गँग नवीन सहजी मिळत नाही, जुन्या रेडिओ रिपेअरवाल्याकडे भंगारातल्या सेटचा मागा.

१. चौकटीवर वायरचे १२ वेढे घ्या, दोन वेढ्यांत अर्धा सेंटिमीटर अंतर, एकमेकांना चिकटवू नका.

२. वायरची दोन टोकं गँगच्या दोन बाजूंना, एक बॉडीला आणि एक स्थिर पात्यांना. बस, सेल नाही, सर्किट नाही.

३. सेट लूपजवळ ठेवा, वायर जोडायची नाही. सेटमधला दांडा चौकटीच्या सपाट पृष्ठभागाला काटकोनात पाहिजे. इथे चूक झाली तर लूप काहीच करत नाही, आणि बहुतेकांची इथेच होते.

४. कमजोर स्टेशन लावा, गँग हळूहळू फिरवा. एका जागी आवाज एकदम उसळतो. ती जागा केसाएवढी असते, पटकन फिरवलं तर निसटते.

५. पट्टीच्या खालच्या टोकाला, ५५८ च्या आसपास, उसळी मिळत नसेल तर एक वेढा वाढवा. वरच्या टोकाला मिळत नसेल तर एक कमी करा.

लूप स्टेशनकडे कडेने बघतो, म्हणजे चौकटीची कड स्टेशनच्या दिशेला केली की जास्त, सपाट बाजू केली की कमी. फिरवताना सेट आणि लूप दोन्ही एकत्र फिरवा, पाटावर ठेवून फिरवलं तर सोपं.

सावधान: लूपऐवजी गच्चीवरून लांब वायर टाकायचा मोह होतो. विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून वायर कधीही नेऊ नका. आणि वळवाच्या दिवसांत बाहेरची वायर काढून गुंडाळून ठेवा, ढग दिसल्यावर काढायला जाऊ नका.

## टप्पा १०: पहाट, आणि वही

हिवाळ्यात सोलापुरात सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो, आणि आकाशवाणीची बरीच केंद्रं सहाच्या आधी चार-पाच मिनिटं उघडतात. म्हणजे केंद्र उघडतं तेव्हा आपल्याकडे पूर्ण काळोख असतो आणि आकाशाचा मार्ग चालू असतो. आधी ती ओळखीची संकेतधून, मग वंदे मातरम्, मग निवेदक केंद्राचं नाव सांगतो आणि बरेचदा फ्रिक्वेन्सीही सांगतो. रात्रभर ज्या स्टेशनने नाव सांगितलं नाही ते इथे स्वतःच्या तोंडाने सांगतं. जूनमध्ये सूर्य सहाच्या आधीच वर आलेला असतो, तेव्हा ही संधी जवळजवळ जाते.

पावणेसहाला बसा, एका सकाळी एकच फ्रिक्वेन्सी. संकेतधून सगळीकडे सारखीच असते, ती ऐकून नाव लिहायचं नाही, निवेदकाची वाट बघायची. उजाडताना क्रम संध्याकाळसारखाच, पूर्वेची स्टेशनं आधी मावळतात, पश्चिमेची शेवटपर्यंत टिकतात, म्हणून राजकोट, अहमदाबाद सगळ्यात शेवटी बघा.

वहीत प्रत्येक ओळीला हे पाहिजेच: तारीख, भारतीय वेळ, फ्रिक्वेन्सी, भाषा, नेमकं काय ऐकलं (गाण्याचे शब्द, निवेदकाचं वाक्य, जाहिरात), सेटचं टोक कुठल्या दिशेला होतं, आणि नाव स्वतः ऐकलं की अंदाज आहे. अंदाज असेल तर पुढे प्रश्नचिन्ह काढा आणि खात्री होईपर्यंत ते खोडू नका. परदेशी स्टेशनला ऐकल्याचा रिपोर्ट पाठवायचा असेल तर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहावी लागते, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. पहाटे सव्वापाचला ऐकलेलं यूटीसीमध्ये आदल्या दिवशीचं पावणेबारा होतं, तेव्हा तारीखही एक दिवस मागे घ्या. आणि "सिग्नल चांगला होता" एवढंच लिहून पाठवू नका, ऐकलेल्या कार्यक्रमातल्या निदान तीन-चार ठोस गोष्टी वेळेसकट द्या, त्याच्यावरूनच तुम्ही खरंच ऐकलंय हे समोरच्याला पडताळता येतं.